कॉलेजच्या अंकाचं डेस्क, 'करण्यात आले' आणि व्याकरण नेमकं कुठून शिकायचं?

डेस्कवाली

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचं चार पानी पाक्षिक निघतं. बातम्या आणायच्या विद्यार्थ्यांनी, पानं लावायची विद्यार्थ्यांनी, शिव्याही खायच्या विद्यार्थ्यांनीच. यंदा डेस्क माझ्याकडे आलंय. म्हणजे बाकीच्यांनी लिहायचं आणि मी निस्तरायचं.

शाळेत व्याकरण शिकलो ते मार्कांपुरतं. प्रयोग ओळखा, समास सोडवा, 'यमाताराजभानसलगं'. ते कशाला लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. आता दुसऱ्याची कॉपी, म्हणजे बातमीचा मूळ मजकूर, समोर आली, की ते सगळं आठवायला लागतं, आणि बहुतेक अर्धवट आठवतं.

एक उदाहरण देते. गेल्या अंकाला बातमी आली: 'वसतिगृहातील मेसचे दर वाढवण्यात आले असून विद्यार्थ्यांमधून तीव्र नाराजी व्यक्त करण्यात येत आहे.' मला फक्त वाक्य छोटं करायचं होतं. 'करण्यात आले' काढून कर्ता पुढे आणू म्हटलं, तर कर्ताच सापडेना. दर वाढवले कुणी? वॉर्डननी, कंत्राटदाराने, की मेस समितीने? वार्ताहराला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. त्याने फलकावरची नोटीस उतरवून काढली होती आणि तीही 'करण्यात येत आहे' छापाची होती. तो परत गेला, चार जणांशी बोलला, आणि कळलं की समितीची बैठक व्हायच्या आधीच कंत्राटदाराने नवे दर लावले होते. बातमी ती होती! नाराजी व्यक्त करणाऱ्यांत वार्ताहर स्वतःच एक होता, हे अवांतर.

तेव्हापासून मला असं वाटायला लागलंय, की डेस्कवर व्याकरणाचं खरं काम वेलांट्या दुरुस्त करणं नाही, बातमीतली भोकं शोधणं आहे. पण हे माझं मलाच सुचलेलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचंय: तुम्ही कसं शिकलात? आधी काय बघायचं? आणि दुसऱ्याची कॉपी लाल करताना मैत्री कशी टिकवायची?

---

रात्रपाळी

डेस्कवाली, तुम्हाला जे सुचलंय ते सुचायला काही लोकांची निवृत्ती येते. एका दैनिकात आयुष्य उपसंपादकीत घालवलं, त्यामुळे जरा लांब लिहितो.

नवा उपसंपादक कॉपी हातात आली की पहिल्या ओळीपासून ह्रस्व-दीर्घ सुधारत सुटतो. तिसऱ्या परिच्छेदाला पोचतो तेव्हा कळतं, की पहिले दोन परिच्छेद उडवायचेच आहेत. म्हणून पेन खाली ठेवून एकदा पूर्ण वाचायचं. मग क्रियापदं बघायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात वाचक कोण-कुठे-केव्हा सगळं डोक्यावर घेऊन शेवटच्या शब्दापर्यंत ताटकळतो. त्यात 'असून', 'तर', 'तसेच' असे डबे जोडले की गाडी फलाटाबाहेर जाते. 'असून' दिसला की तिथे पूर्णविराम देऊन बघा. दहातल्या नऊ वेळा काही बिघडत नाही.

मग 'ने' आणि 'नी' तपासा. 'त्यांनी म्हणाले' हे मी मोठ्या पत्रकारांच्या कॉपीतही पाहिलंय. 'ते म्हणाले' किंवा 'त्यांनी म्हटले'. म्हणणे या धातूची ही दोन रूपं दोन वेगळ्या प्रयोगांत चालतात, आणि बातमीत दर दोन ओळींनी कुणीतरी काहीतरी म्हणतच असतं.

अवतरणचिन्हांशिवाय कुणाचं म्हणणं देत असाल तर सर्वनाम सांभाळा. 'प्राचार्यांनी अध्यक्षांना सांगितले, की ते राजीनामा देणार नाहीत.' ते कोण? मराठीची जुनी सोय 'मी' ही आहे: 'प्राचार्य म्हणाले, की मी राजीनामा देणार नाही.' इंग्रजीतून बातमी करणारी मुलं ही सोय विसरतात.

आणि विशेषणाची जागा. 'हरवलेल्या प्राध्यापकांचा लॅपटॉप सापडला.' लॅपटॉप सापडला, प्राध्यापक अजून बेपत्ता. 'प्राध्यापकांचा हरवलेला लॅपटॉप सापडला.' तसंच 'बसमधून उतरताना ट्रकने धडक दिली'. इथे बसमधून ट्रकच उतरला. 'बसमधून उतरणाऱ्या विद्यार्थ्याला ट्रकने धडक दिली.' शाळेत यालाच वाक्यरचना म्हणत असत आणि तो धडा नेहमी परीक्षेला नसायचा.

वेलांट्या सगळ्यांत शेवटी. पण त्या सोडायच्या नाहीत.

---

हिरवीशाई

वेलांट्या शेवटी? काका, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर संपलंच.

डेस्कवाली, नियम फार नाहीत हो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत ४ जमा झाले. एकूण १८. त्याच्या आधीचे वार्षिकांक तुमच्या ग्रंथालयात असतील तर काढून बघा: नांव, गांव, कांही, पांच. ते न उच्चारले जाणारे अनुस्वार या नियमांनी गेले. पण अनेकवचनाचा अनुस्वार गेलेला नाही! 'मुलानी' आणि 'सरानी' लिहिणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा. 'सरांनी' मधला अनुस्वार आदराचा आहे.

तुमच्या अंकाला रोज लागणारे शब्द घ्या, नियम आपोआप कळतात. निवडणूक, पण निवडणुकीत. मिरवणूक, मिरवणुकीत. पोलीस, पण पोलिसांनी. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना ते ह्रस्व होतं. मग 'सूत्रांनी' मध्ये का होत नाही? कारण सूत्र तत्सम आहे, संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं. विद्यापीठ, विद्यापीठाने, तिथेही तेच. 'पोलिसांनी' बरोबर लिहिणारे त्याच धडाक्यात 'सुत्रांनी' लिहून मोकळे होतात.

कुलगुरू, कुलगुरूंनी, पण कुलगुरुपद. मृत्यू, मृत्यूने, पण मृत्युपत्र. एकटा असताना शेवट दीर्घ, समासात पुढे दुसरा शब्द आला की ह्रस्व. म्हणून वसतिगृह. 'वसतीगृह' नाही. (तुम्ही बरोबर लिहिलंयत, म्हणून तर प्रतिसाद द्यायला बसले.)

आणि कँटीनच्या बातमीत 'उपहारगृह' लिहू नका. उपहार म्हणजे भेट. खायला मिळतं ते उपाहारगृहात. हा शब्द साधा संगणकीय तपासनीस बहुधा पकडणार नाही, कारण त्याच्या लेखी उपहार आणि उपाहार दोन्ही बरोबर.

---

शंकासुर

मंत्रिमंडळ ह्रस्व, प्राणिसंग्रहालय ह्रस्व, मग विद्यार्थीसंघटना दीर्घ का दिसते सगळीकडे?

---

हिरवीशाई

@शंकासुर, नियमाने विद्यार्थिसंघटनाच. पण संस्थेने स्वतःच्या नावात दीर्घ लिहिलं असेल, किंवा शब्द तोडून लिहिला असेल, तर विशेषनाम म्हणून ते तसंच ठेवायचं. आपण त्यांची पाटी दुरुस्त करायला गेलेलो नसतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

थोडं कडू बोलतो, रागावू नका.

मी यवतमाळकडचा. घरी 'पानी' आणि 'आनि'. पुण्यात शिकायला आलो, कॉलेजच्या अंकात पहिली बातमी दिली: विहिरीत पडलेल्या माणसाला रात्रभर दोरीवर धरून ठेवणाऱ्या गावकऱ्यांची. डेस्कवरच्या एकाने माझ्या कॉपीतले 'न' गोल करून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. हसण्याच्या इमोजी आल्या. बातमी कशी आहे यावर एक अक्षर नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी फक्त फोटो काढले.

आता स्वतः डेस्कला काम करतो आणि प्रमाणभाषा नीट लिहितो. ती शिकलो ती एका सीनियर मुलीमुळे. ती माझी कॉपी घेऊन शेजारी बसायची आणि म्हणायची, तू मोठ्याने वाच. चूक तिने दाखवली नाही, मला ऐकू आली. ण-न मात्र ऐकू यायचे नाहीत, कारण माझ्या कानाला दोन्ही एकच. ते शब्द मी एका वहीत उतरवून पाठ केले. त्याला दुसरा इलाज नाही, आणि त्यात अपमानही नाही.

माझा खरा मुद्दा अवतरणाचा आहे. शेतकरी बाई बोलली की आमची मंडळी हौसेने 'म्या सांगतलं व्हतं' असं जसंच्या तसं छापतात. कुलसचिव 'आपण ते प्रोसेसमध्ये टाकलेलं आहे ना, तर ते होऊन जाईल' असं बोलतात, त्यांचं मात्र 'प्रक्रिया सुरू असून लवकरच निर्णय घेण्यात येईल' होतं. बोली फक्त गरिबाच्याच तोंडी का?

---

रात्रपाळी

@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्याशी सहमत, आणि फोटो टाकणाऱ्याला डेस्कवरून उठवायला हवं होतं.

महामंडळाचे नियम पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा देतात. पण ती ललित लेखनाची सोय आहे. बातमीत मी दोनच पर्याय मानतो: एक तर सगळ्यांची अवतरणं प्रमाण करा, किंवा सगळ्यांची बोलल्यासारखी ठेवा. कुलसचिवांचं वाक्य तुम्ही दिलंय तसं छापलं तर दुसऱ्या दिवशी ते फोन करतील. शेतकरी बाई करणार नाही. फरक एवढ्यानेच पडतो आणि डेस्कवर बसणाऱ्याने तो ओळखावा. मी स्वतः सगळ्यांचं प्रमाण करायच्या बाजूचा. एखादा शब्द अगदी त्या माणसाचाच असेल, ज्याच्या जागी दुसरा बसतच नाही, तर तेवढा ठेवायचा.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्या घरी कोंकणी, शाळा मराठी-इंग्रजी, अंक मराठी. आमच्यासाठी डोकेदुखी लिंगाची. कोंकणीत तरुण मुलीबद्दल नपुसकलिंगात बोलतात, 'तें आयलें'. त्यात काही वावगं नाही, उलट मायाच आहे. मराठीत लिहिताना हात थांबवून 'ती आली' करावं लागतं. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या बातमीत 'प्रथम आलेले मुलगी' असं काहीतरी हटकून सापडतं आणि आम्ही समजून हसतो. पण ग्रुपवर फोटो टाकत नाही. :)

---

हिरवीशाई

@मांडवीकाठ, नपुंसकलिंग. अनुस्वार.

---

मांडवीकाठ

देव बरें करूं. :)

---

चष्मेबद्दूर

वाद पेटून धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत दोन ओळी. वर इंग्रजी वळणावर टीका झाली. इंग्रजीचा शेजार मराठी पत्रकारितेला पहिल्या दिवसापासून आहे. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असायचा. तेव्हा इंग्रजीतून आलेलं प्रत्येक वळण अशुद्ध म्हणून हाकलू नये. मला जास्त त्रास हिंदीतून येणाऱ्या शब्दांचा होतो, कारण ते आपलेच वाटतात आणि अर्थ बदलून बसतात. 'पोलिसांनी धक्कादायक खुलासा केला.' मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कारणे दाखवा नोटीस आली की खुलासा द्यावा लागतो. पोलिसांनी तुमच्या बातमीत काहीतरी उघड केलंय, त्यांनी कुणाला स्पष्टीकरण दिलेलं नाही. तसंच 'त्याने माझी मदत केली'. मराठीत 'मला मदत केली'.

---

अटलांटिकपार

मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या इंग्रजी विद्यार्थी-दैनिकात कॉपी डेस्कवर होते, म्हणून वेगळा अनुभव. इथे बहुतेक विद्यार्थी-वृत्तपत्रं एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेचं स्टाइलबुक, म्हणजे लेखननियमांचं पुस्तक, पाळतात आणि त्यावर स्वतःची चार-दोन पानांची स्टाइलशीट जोडतात: इमारतींची नावं कशी लिहायची, प्राध्यापकांच्या पदव्या लावायच्या की नाही, वगैरे. याचा फायदा मला उशिरा कळला. वाद माणसाशी होत नाही, पानाशी होतो. 'मला हे आवडत नाही' असं म्हणावंच लागत नाही. आणि पान बदलतंसुद्धा. संख्येच्या आधी 'ओव्हर' नको, 'मोअर दॅन' लिहा, असा एपीचा वर्षानुवर्षांचा दंडक होता. २०१४ मध्ये त्यांनी दोन्ही चालेल म्हणून जाहीर केलं, तर जुने कॉपी एडिटर सुतकात गेले.

मैत्रीबद्दल: आमच्याकडे नियम होता, की बदल करायचा तर तो लिहिणाऱ्याला सांगून. वाक्य बदललं आणि अर्थ बदलला तर बायलाइन (बातमीवरचं नाव) त्याची, शिव्या त्यालाच.

---

रात्रपाळी

अटलांटिकपार यांनी सांगितलेली स्टाइलशीट हाच उपाय. मराठीत तर ती जास्तच लागते, कारण नियमांनंतरही कितीतरी गोष्टी उघड्या राहतात. ईमेल तो की ती? पोर्टल तो की ते? आकडे देवनागरी की रोमन? 'की'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का? यांपैकी कशालाही एकमेव बरोबर उत्तर नाही, पण एका अंकात दोन उत्तरं दिसली की अंक पोरकट दिसतो.

आडनावांचं घ्या. नियमाप्रमाणे फडके, फडक्यांनी. आजच्या मुलांना ते उद्धट वाटतं म्हणून 'फडकेंनी' लिहितात, ते हिरवीशाई यांना सहन होत नाही. डेस्कने यावर फार पूर्वी पळवाट काढली: 'फडके यांनी'. एक शब्द वाढतो, भांडण मिटतं. वृत्तपत्रात जिथेतिथे 'यांनी' का असतो, याचं निम्मं उत्तर हे.

पुस्तकांपैकी अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' खरोखर खिशात मावतं, ते डेस्कवर ठेवा. यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' विभागाला घ्यायला लावा. शेखबाई 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरण-सल्लागार होत्या. मासिकाला असा सल्लागार असावा असं कुणाला तरी वाटलं, हेच मला फार आवडतं. २०२५ मध्ये त्यांनी शंभरी गाठली.

---

शंकासुर

वाचनखूण साठवली. एक बारीक प्रश्न: प्रूफ वाचताना चुका दिसतच नाहीत, छापून आल्यावर पहिल्या नजरेत दिसतात. असं का?

---

वऱ्हाडी_ठेचा

@शंकासुर, कारण आपण मजकूर वाचत नाही, आठवतो. स्वतःच्या बातमीचं प्रूफ स्वतः वाचूच नका. आम्ही जोडीने वाचतो: एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, दुसरा प्रूफावर बोट ठेवून चालतो. मथळे, फोटोओळी, तारीख-वार आणि पानाच्या डोक्यावरचा अंक वेगळे, सगळ्यांत शेवटी. मोठी चूक नेहमी मोठ्या टायपात असते, कारण तिथे कुणी बघत नाही. आणि नावं. विद्यार्थ्याचं नाव चुकलं तर त्याची आई अंक कापून ठेवू शकत नाही.

---

डेस्कवाली

सगळ्यांना खूप धन्यवाद. रात्रपाळीकाका, हरवलेले प्राध्यापक मी फलकावर लावलेत.

स्टाइलशीट काल सुरू केली. पहिल्याच बैठकीत ईमेलच्या लिंगावरून तासभर गेला. शेवटी हात वर करून मतदान झालं, 'ती' जिंकली. अवतरणांचं ठरलं: सगळ्यांची प्रमाण, कुलसचिव असोत वा मेसमधल्या मावशी. यावर एक जण अजून रुसलेला आहे, त्याच्या मते मावशींच्या बोलण्यातली मजा जाते. त्याला म्हटलं, मग कुलसचिवांचीही मजा छापू, तर गप्प झाला. 'करण्यात आले' वर बंदी नाही घातली. कर्ता खरोखर माहीत नसेल तर 'कोणी केले हे समजू शकले नाही' असं स्पष्ट लिहायचं, एवढंच.

वार्ताहरांना कॉपी परत देताना आता मी दुरुस्त्या कमी आणि प्रश्न जास्त लिहिते. 'कोणी?' 'कधी?' 'तुला कुणी सांगितलं?' लाल रेघांपेक्षा हे कमी लागतं असं दिसतंय. दोघे जण मात्र सरळ म्हणाले, तूच लिही ना मग.

आता एक तांत्रिक अडचण. एवढं सगळं सुधारून मजकूर पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये ओतला, की जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते. शिवाय विभागाच्या जुन्या संगणकावरचा श्रीलिपी या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला, की 'ऱ्या'चा 'र्या' होतो. परवा स्नेहसंमेलनाच्या बातमीत 'आचाऱ्यांचा सत्कार' होता, स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचा. प्रूफात झाला 'आचार्यांचा सत्कार'. वेळेत दिसलं म्हणून बरं.

---

डीटीपीवाला

पहिलं सोपं आहे. मजकूर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत जा, तिथे 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. साधा कंपोझर देवनागरीची जोडणी करत नाही, म्हणून वेलांटी घसरते. दर वेळी करायला नको असेल तर पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनच्या पानावर कंपोझर बदलून ठेवा. बातमी, मथळा, फोटोओळ, तिन्ही स्टाइलमध्ये वेगवेगळा बदलावा लागेल. फाँट अर्थातच युनिकोड हवा.

'ऱ्या'चं काम हाताने आहे. सरसकट 'र्या'चं 'ऱ्या' करू नका, नाहीतर कार्यालयाचं 'काऱ्यालय' होईल आणि खरे आचार्य स्वयंपाकघरात जातील. 'र्य' आणि 'र्ह' शोधायचे आणि एकेक बघून बदलायचे: 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांनी', 'वऱ्हाड', 'शेतकऱ्यांना'. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र घेतला की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. यादी करून ठेवा, दर अंकाला तेच पंधरा-वीस शब्द येतात. फाइल अडकली तर इथे स्क्रीनशॉट टाका, रात्री बघतो.